प्रिन्सेस कॉर्डेलियांचा चार पानी परिचय

“शिक्षण घरीच?” आप्पासाहेबांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे काहीच नव्हतं. “घरीच म्हणजे काय, खांडके बाई? शाळेत घातलंच नाही?”

“घरी शिक्षिका यायच्या, असं लिहिलंय.”

“मग मॅट्रिक?”

“नाही.”

“राणीच्या घराण्यातली बाई आणि नॉनमॅट्रिक.” ते खुर्चीत मागे रेलले. “बरं, नोकरी? धंदा? समाजकार्य? करतात काय त्या?”

मी कागद परत वाचला. “उद्घाटनं करतात.”

“ती मीपण करतो.”

आप्पासाहेब रणपिसे म्हणजे आमच्या निंबसर शिक्षण प्रसारक मंडळाचे अध्यक्ष. साल एकोणीसशे शहाऐंशी, महिना फेब्रुवारी. मी सव्वीस वर्षांची, मूळची सांगलीची, त्यांच्या महिला महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. तीन वर्षं टेंपररी. दर मे महिन्यात मला काढायचे आणि दर जूनमध्ये परत घ्यायचे. घरी आई एकटी, आणि ती दर मे महिन्यात शेजारणींना सांगायची की उज्ज्वलाला सुट्टी लागलीय.

तर त्या वर्षी मुलींचं वसतिगृह बांधून झालं. पैसा लंडनच्या एका धर्मादाय संस्थेचा, आणि त्या संस्थेच्या मानद अध्यक्षा ह्या बाई, प्रिन्सेस कॉर्डेलिया. गादीच्या रांगेत एकतिसाव्या. आता इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात त्या वारल्या. पेपरात आतल्या पानावर तीन ओळी होत्या, त्यातली एक ओळ त्यांच्या टोप्यांबद्दल. ते वाचलं आणि मला राहवेना, म्हणून सांगायला बसले.

“एकतिसाव्या म्हणजे,” आप्पासाहेब म्हणाले, “वरची तीस माणसं गेली की यांचा नंबर?”

“हो.”

“म्हणजे माझ्या आमदारकीसारखंच.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “हे बघा. गेल्या वर्षी साखर खात्याचे साहेब आले, त्यांचा परिचय तीन पानी झाला होता. राजघराण्याला एक पान? लोक शेण घालतील तोंडात. चार पानं पाहिजेत. वाचणार तुम्ही, दुभाषी तुम्हीच.”

“पण साहेब, यात आहेच एवढं.”

“बाई, तुम्ही साहित्याच्या ना?” त्यांनी टेबलाचा खण उघडून एक टाइप केलेला कागद दाखवला आणि लगेच मिटवला. “कायमची ऑर्डर आहे. सही राहिलीय. परिचय झकास झाला तर समारंभ संपल्या संपल्या सही. संस्थेची शोभा झाली तर मग जूनमध्येसुद्धा येऊ नका.”

लंडनहून आलेल्या त्या एक पानी कागदावर काय होतं ते सांगते. जन्म. शिक्षण घरी, मग एक वर्ष स्वित्झर्लंडला, तिथं काय शिकल्या ते दिलेलं नव्हतं. लग्न एका सरदाराशी, सहा वर्षांनी विभक्त, मूलबाळ नाही. एका पलटणीच्या मानद कर्नल. त्रेचाळीस संस्थांच्या आश्रयदात्या, पैकी ठळक: दीपगृहांवरच्या निवृत्त कामगारांची संस्था, चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्यांचा संघ, आणि एका जुन्या जातीच्या शेळ्या जतन करणारं मंडळ. शेवटी, आजवर अकराशे सदतीस वास्तूंचं उद्घाटन. बास. पंचावन्न वर्षांचं आयुष्य एका पानात बसून वर समास शिल्लक.

मी तीन दिवस बसले. पहिलं पान घराण्यावर काढलं, राजांनी बरीच मदत केली. दुसऱ्या पानावर मानद कर्नलचं सैन्याचं नेतृत्व झालं. तिसऱ्यावर घंटांमधून संगीतसाधना निघाली. चौथं काही केल्या भरेना. दीपगृहाचं आमच्या माणसांना काय सांगणार, समुद्र तिथून दोनशे किलोमीटर. राहिल्या शेळ्या.

आणि आमचा भाग म्हणजे ऊस नाही, पाणी नाही, आहेत त्या शेळ्या-मेंढ्या. माझी लेखणी सुटली. मी लिहिलं की शेळी हा बाईंचा प्राण आहे. लिहिलं की शेळीचं दुखणंखुपणं, शेळीचं बाळंतपण यात त्यांच्याइतकं ज्ञान साऱ्या पृथ्वीवर कुणाला नाही, आणि देशोदेशीचे डॉक्टर अडले म्हणजे त्यांनाच पत्र लिहितात. लिहिताना मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

आप्पासाहेबांनी वाचलं. “हे शेळीचं खरंय?”

“कागदावर आहे ना, साहेब.” तेवढं खरंच होतं.

“मग शेवटी घ्या. टाळ्या घेईल.”

समारंभाच्या दिवशी सकाळी सातला वहिनीसाहेबांनी, म्हणजे आप्पासाहेबांच्या मंडळींनी, स्वागत समितीच्या अकरा बायकांना शिवणवर्गाच्या खोलीत बोलावलं. तिथं कासार बसला होता. फोटोत सगळ्यांचे हात सारखे दिसले पाहिजेत म्हणून प्रत्येकीला हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या. वर वहिनीसाहेबांचा हुकूम, “एक माप लहान भर रे. घट्ट बसू देत. किणकिण वाजल्या की इंग्रज लोकांचं डोकं उठतं.”

हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. कासार बिचारा साबण लावून लावून घामाघूम झाला. बायका ओठ चावत होत्या. एकदा चढलेली बांगडी आता फुटूनच उतरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मी कोपऱ्यात उभी होते. वहिनीसाहेबांनी मला हेरलं. “खांडके, तुम्ही पण बसा.”

“माझं कुठं लग्न झालंय, वहिनीसाहेब?”

“म्हणून काय राणीपुढं भुंड्या हातानं उभं राहणार? भर रे हिच्या पण.”

माझाही हात आवळला. बोटांना मुंग्या यायला लागल्या.

साडेदहाला गाड्या आल्या. मी मुकुट नाही तरी काहीतरी झगमगीत अपेक्षिलं होतं. उतरली एक बुटकीशी, नीटनेटकी बाई. आकाशी टोपी, पांढरे हातमोजे, सपाट बूट, आणि चेहऱ्यावर दुसऱ्याच्या घरी जेवायला गेल्यावर ठेवतो तसं हसू. त्यांच्याबरोबर कर्नल हॉक्सबी नावाचे एक उंच गृहस्थ होते, त्यांचा एक डोळा कायम घड्याळावर. चाळीस मिनिटं, त्यांनी मला बजावलं, एकेचाळीस नाही.

बाई रांगेतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होत्या, “लांबून आलात का?”

प्राचार्य म्हणाले, “नाही, समोरच राहतो.” ग्रंथपाल म्हणाले, “मागच्या गल्लीत.” पाचव्या माणसापर्यंत मला कळलं की उत्तराशी बाईंना कर्तव्य नाही. तरी त्या प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेत होत्या आणि मान हलवत होत्या. मला त्यांची जराशी कीव आली, आणि स्वतःचीही, कारण माझ्या हातात ती चार पानं होती.

पण परिचय रंगला हो. राजांना लोकांनी सहन केलं, घंटांना जांभया दिल्या. शेळी आली आणि मांडव जागा झाला. “शेळीच्या बाळंतपणात त्यांच्याइतकं ज्ञान साऱ्या पृथ्वीवर कुणाला नाही,” हे वाक्य मी आवाज चढवून वाचलं आणि मागच्या बाजूनं शिट्ट्या आल्या. लोक उठून, पागोट्यांना हात लावून बाईंकडे बघायला लागले. आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. कोटाच्या खिशाशी त्यांचा हात गेला तेव्हा मी मनात आईला पत्रसुद्धा लिहून टाकलं.

भोंगे सहा लावले होते. एक तर वसतिगृहाच्या मागच्या खोपटांकडे तोंड करून.

फीत कापली, पाटी उघडली. मग इमारतीमागच्या छोट्या तंबूत चहा. तिथं स्वागत समितीच्या बायका, बाई, कर्नल आणि मी. पुरुष मंडळी पुढच्या मांडवात फोटोसाठी खुर्च्या लावत होती, आणि मुली स्वागतगीताच्या रांगेत उभ्या करून ठेवल्या होत्या. बाईंनी कप उचलला तोच तंबूची कनात बाजूला सारून अनसाबाई आत आली.

अनसाबाई खरात मागच्या खोपटात राहायची. पन्नाशीची, विधवा, अंगानं धिप्पाड. तिच्या हातांत शेळी होती, उचलून आणलेली. ती सरळ पुढे आली आणि शेळी बाईंच्या पायाशी जाजमावर ठेवली. शेळीनं मान टाकली आणि अशी ओरडली की कर्नलसाहेबांच्या बशीत चहा सांडला.

“सकाळच्यापास्नं अडलीय,” अनसाबाई म्हणाली. “करडाचं डोकं आलंय, एक पाय आलाय, दुसरा मागं मुडपलाय. जनावरांच्या डाक्टरला तुमी लोकांनी फाट्यावर हुबं केलंय, गाड्यांम्होरं कुत्री येऊ नयेत म्हणून. आता काय करू मी? भोंग्यावर ऐकलं ह्या बाईला समदं कळतंय.”

वहिनीसाहेब पांढऱ्या पडल्या. “अगं ए, उचल ते. जाजम भाड्याचं आहे.”

बाईंनी कप खाली ठेवला. मी दुभाषी म्हणून त्यांच्या खांद्याशी अर्धं पाऊल मागे उभी होते. त्या मान वळवून मला म्हणाल्या, “ही माझ्याकडे का आलीय?”

खोटं सुचेना. इंग्रजीत खोटं बोलायला मला आधी तयारी लागते.

“मी परिचयात लिहिलं होतं,” मी म्हणाले, “की शेळ्यांमधलं तुम्हाला जगात सगळ्यात जास्त कळतं.”

“मला?”

“तुमच्या कागदावर शेळ्यांचं मंडळ होतं. आणि मला एक पान कमी पडत होतं.”

“त्या मंडळात मी दर वर्षी एक चषक देते. शेळीला हात लावू नका, असं मला पहिल्याच वर्षी सांगितलंय. कपड्यांना वास लागतो.” मग, “म्हणजे त्या टाळ्या शेळीसाठी होत्या? मला वाटलं टोपीसाठी.”

“मला माफ करा, हायनेस. माझी नोकरी आहे त्या परिचयावर.”

“मॅडम,” कर्नल म्हणाले, “गाडी लागलीय. अकरा मिनिटं उरली.”

शेळी परत ओरडली. आता आवाज बारीक झाला होता.

अनसाबाई जाजमावर बसली होती. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं होतं, चिंधी बांधलेली, आणि पंजा सुपाएवढा. डाव्या हातानं तिनं एकदा बघितलं, जमेना. “बारका हात पायजे,” ती म्हणाली. “कुनाचा तरी बारका हात द्या, मी सांगते कसं करायचं ते. दोन कळांचं काम हाय. न्हाईतर दोगंबी जातील.”

अकरा बायकांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. सगळ्यांच्या घरी शेळ्या होत्या, सगळ्यांना काम येत होतं. पण मनगटभर काच. ती फोडल्याशिवाय हात आत जाणार नाही, आणि नवऱ्याच्या नावाचा चुडा, तोही वहिनीसाहेबांनी चार तासांपूर्वी भरलेला, भर समारंभात कोण वाढवणार? एकीनं साबण मागितला, रडकुंडीला येऊन ओढून पाहिलं, एक बांगडी हलली नाही. वहिनीसाहेब खाली बघत होत्या.

अनसाबाईनं आमच्यावरून नजर फिरवली, आमच्या बाजूला हात करून दोन वाक्यं बोलली.

“काय म्हणाली?” बाईंनी विचारलं.

“म्हणाली, तुमचा हात लहान आहे, चालेल. या.”

वहिनीसाहेबांनी माझ्याकडे पाहून काहीतरी विचारायला तोंड उघडलं. पण तोवर बाई हातमोजा काढायला लागल्या होत्या. एक काढला, दुसरा काढला, अंगठी काढून कर्नलच्या हातावर ठेवली. टोपी माझ्याकडे दिली. त्यांचे हात खरंच लहान होते, शाळकरी मुलीचे असावेत तसे.

“मॅडम, मी याची परवानगी देऊ शकत नाही,” कर्नल म्हणाले.

“तुम्हाला कुणी विचारलं नाही, जेराल्ड. मला विचारलंय.” आणि त्या जाजमावर गुडघे टेकून बसल्या.

अनसाबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग म्हणाली, “बरं. हात धू म्हणावं. कोपरापर्यंत.”

साबण आला, गोडं तेल आलं. पुढची वीस मिनिटं मी जन्मात केलं नाही इतकं चोख भाषांतर केलं. एक शब्द गाळला नाही.

“कळ थांबू दे. आता. डोकं हळू मागं सार.”

“सारलं.”

“घाबरू नको म्हणावं, त्याला काय व्हत न्हाई. आता खाली बोटं ने. गुडगा लागतोय का?”

“काहीतरी टणक आहे. गोल.”

“त्योच. त्याच्या म्होरं खूर हाय. खूर मुठीत धर, आतनं फाडलं न्हाई पायजे. मुठीत झाक आन् पुढं आण.”

बाईंनी डोळे मिटले होते. कपाळावर घाम. आकाशी बाही खांद्यापर्यंत वर, आणि तिच्या खाली काय काय लागलं होतं ते न सांगितलेलं बरं. मी दोनदा तोंड फिरवलं. “मिळाला,” त्या एकदम म्हणाल्या. “मिळाला. सरळ होतोय.”

“आता कळ आली की वढ. खाली वढ, मागं न्हाई. म्हण तिला, वढ.”

“ओढा,” मी म्हणाले.

त्यांनी ओढलं. करडू जाजमावर आलं, काळं, निपचित. बाईंचा चेहरा उतरला. अनसाबाईनं ते मागच्या पायांनी धरून उलटं हलवलं, नाकातला चिकटा काढला, गोणपाटानं खसाखसा चोळलं. चौथ्या चोळण्याला ते शिंकलं. दहा मिनिटांत दुसरं आलं, ते आपलं आपण. अकरा बायका आणि मी रडत होतो. बाई रडत नव्हत्या. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

तेवढ्यात आप्पासाहेब आत आले. मागे वार्ताहर, आणि मागोमाग फाट्यावरून जीपनं आणलेले जनावरांचे डॉक्टर. डॉक्टरांनी शेळी तपासली, करडं तपासली, वहिनीसाहेबांकडून हकिकत ऐकली, आणि आप्पासाहेबांच्या कानाशी लागले. हळू बोलायची त्यांना सवय नव्हती. “काम नीट झालंय. पण करडांमागून जार पडतो हेसुद्धा बाईंना माहीत नाही, साहेब. मला विचारत होत्या, हे तिचं आतडं तर नाही ना. तज्ज्ञबिज्ञ काही नाहीत या.”

आप्पासाहेबांनी मला बाजूला घेतलं. “खांडके बाई, उद्या हे छापून येणार. शेळीचं खरं आहे, का थाप आहे? थाप असेल तर आत्ता सांगा, संस्थेचं नाक जाणार आहे.”

मी हातातली टोपी फिरवत राहिले. आप्पासाहेबांनी माझ्यावरचा भरवसा सोडला आणि थेट बाईंकडे गेले. त्यांचं इंग्रजी जपून वापरायचं होतं.

“मॅडम. यू. गोट. एक्स्पर्ट?”

बाई हात पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

“येस,” त्या म्हणाल्या. “ऑफ कोर्स.”

“लिहा,” आप्पासाहेब वार्ताहराला म्हणाले. आणि माझी ऑर्डर खिशातून काढून त्यांनी तिथंच, चहाच्या टेबलावर, किटली बाजूला सारून सही केली. त्या कागदावर दुधाचा एक डाग पडला. निवृत्त होईपर्यंत तो माझ्या फाइलीत होता.

गाडीपर्यंत बाई माझ्याबरोबर चालत आल्या. कर्नल चार पावलं पुढे, पाठीतून सुद्धा रागावलेले दिसत होते. पुढचे दोन कार्यक्रम गेले होते.

“कधीपासून एक्स्पर्ट, ते त्यांनी विचारलं नाही म्हणून बरं,” बाई म्हणाल्या. “सव्वाअकरापासून, असं सांगावं लागलं असतं.”

“मी तुमचे उपकार विसरणार नाही,” मी म्हणाले.

“छे. ऐका.” त्या थांबल्या. “एकतीस वर्षं मी हे करतेय. फीत कापायला देतात, ती आधीच अर्धी कापलेली असते. झाड लावायला देतात, खड्डा आधीच खणलेला असतो. मी आले नाही तरी दार उघडतंच. आज त्या बाईनं सगळ्यांचे हात पाहिले आणि माझा निवडला. मी कोण आहे, याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. ‘तुमचा हात चालेल,’ असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.” त्यांचे डोळे आता भरले. “तिला माझे आभार सांगाल? नीट सांगा. तुमचं भाषांतर फार चांगलं आहे.”

मी हो म्हणाले. गाडी गेली. मला पक्की नोकरी लागली होती, आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी अनसाबाईच्या खोपटाकडे गेले. ती दारात बसून करडांना पाजत होती. एक मादी, एक बोकड.

“बस, मास्तरीणबाई.”

मी उभीच राहिले. “काल त्या बाईंनी निरोप दिलाय. तुझे आभार मानलेत.”

“माजे? त्येंनी जीव वाचवला आन् माजे आभार?” ती हसली. मग माझ्याकडे नीट पाहिलं. “पर येक सांगा. मी काल तुमास्नी बोलवलं व्हतं. ‘मास्तरीणबाई, तुमचा हात बारका हाय. तुमचं लगीन न्हाई झालं, तुमच्या बांगड्या वाढवल्या तर काय बिघडत न्हाई, या.’ आसंच म्हनले व्हते ना मी?”

“असंच म्हणाली होतीस.”

“मग ती बाई कशी बसली?”

“मी घाबरले, अनसाबाई.” म्हणून टाकलं एकदाचं. “रक्त, ते ओरडणं, सगळंच. माझ्यानं झालं नसतं. मी तिला सांगितलं, तू तिला बोलावलंयस.”

अनसाबाईनं एक करडू गळ्याशी धरून दुसऱ्याला आचळाला लावलं.

“तिनं ते खरं मानलं गं,” मी म्हणाले. “जाताना रडली. म्हणाली, सगळ्यांत तू तिचा हात निवडलास. मी काय करू आता? पत्र लिहून खरं कळवू का तिला?”

“येडी का काय तुमी,” अनसाबाई म्हणाली. “काय बी कळवू नका. ऱ्हाऊ दे. त्या बाईला आनि कोन बोलवतंय कामाला.”